दिवा कोणी विझवला

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही. दुकानाच्या मालकापुढे नाही, माझ्या वडिलांपुढे नाही, आणि चूक स्वतःची असली तर माझ्यापुढे तर मुळीच नाही. अशा माणसाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता दोन आठवडे मान खाली. बसताना, जेवताना, झोपताना, चार पावलं चालतानासुद्धा तोंड जमिनीकडे. मी मनात म्हटलं, झालं, आता माझं मरण.

ह्यांचं काम काचेचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांची मोठी तावदानं मापाप्रमाणे कापून बसवून द्यायची. सगळे त्यांना काचवाले म्हणतात. मीसुद्धा रागावले की तेच म्हणते. एक डोळा तरुणपणीच काचेच्या कपचीने नेला. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की नेम धरताना नाहीतरी एक डोळा मिटावाच लागतो, आपले तेवढे कष्ट वाचले. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी दुकान चालवलं, लेकीला शिकवून मार्गी लावलं आणि माझ्या प्रत्येक कामात खोट काढली. मग एका सकाळी दाढी करता करता ते म्हणाले, आरशाच्या कोपऱ्यात काळा पडदा कोणी लावलाय? मी आरसा पुसून दिला, तरी पडदा होताच. तो आरशात नव्हताच मुळी, डोळ्यात होता.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डॉक्टरीणबाईंनी तो जागेवर बसवला आणि डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. बुडबुडा नेहमी वर जातो. माणूस पालथा असेल, तर तो मागच्या पडद्याला वर दाबून धरतो. ह्यांना ते एका वाक्यात समजलं. फळीला आरसा चिकटवला की तो धरेपर्यंत वर वजन ठेवायचं आणि हात लावायचा नाही, हे ते दुकानातल्या माणसांना रोज ओरडून सांगतात. पण समजणं वेगळं आणि करणं वेगळं. बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की पडदा पुन्हा सुटला तर दुसऱ्यांदा बसेल याची खात्री नाही. म्हणजे हाही डोळा गेला. म्हणजे कायमचा अंधार.

ऑपरेशनच्या आधीच ह्यांनी घरी सगळी तयारी करून ठेवली होती. दुकानातलं काच कापायचं जाड कापड लावलेलं टेबल घरी आणलं, त्याच्या डोक्याशी थोडी फट सोडून एक स्टूल लावलं. कपाळ स्टुलावर, छाती टेबलावर, तोंड मधल्या फटीत. आणि फटीच्या बरोबर खाली, जमिनीवर, स्वतः कापलेला एक आरसा तिरका बसवला. त्यातून खिडकी दिसेल, दार दिसेल आणि मी काय करते तेही दिसेल. एवढा शहाणा माणूस, पण एक गोष्ट विसरला. डोळ्यात बुडबुडा असताना दिसतं ते नुसतं दुधाळ धुकं. आरसा छान लखलखीत होता, पण त्यात बघायला कुणी नव्हतं. उलट मलाच त्यातून ह्यांचं तोंड दिसायचं. कपाळावरच्या आठ्या, वर गेलेल्या भुवया, सगळं काही.

पहिल्या दिवशी ते दोनदा उठले. एकदा दारावरच्या घंटीला आणि एकदा मी चुकीच्या कपात चहा ओतला असं आवाजावरून वाटलं म्हणून. मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई वर बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी रेडिओ लावून दिला, तर बातम्यांतल्या प्रत्येक माणसाशी ह्यांचं भांडण, आणि भांडताना ह्यांची मान वर गेल्याशिवाय राहतच नाही. गाणी लावली तर झोप लागायची आणि झोपेत कूस बदलायला बघायचे. दुकानातले दोघे भेटायला आले, त्यांना मी दारातूनच परत लावलं. ह्यांची मान अवघडली होती, पाठ धरली होती, आणि माणूस अगदी रडकुंडीला आला होता. संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, की हाही डोळा गेला तरी चालेल, पण हे काही आपल्याच्याने होत नाही. ह्यांचा आरडाओरडा मला सवयीचा आहे. त्या शांतपणाची मात्र सवय नव्हती.

लेकीला फोन केला. ती दूर राहते, नुकतीच बाळंतीण झालेली, यायचं म्हटलं तरी येऊ शकत नव्हती. ती म्हणाली, आई, बाबांना पुस्तक ऐकव. मी म्हटलं, मी कुठे वाचत बसू, माझे चष्मेच मला सापडत नाहीत. तेव्हा तिने सांगितलं की इंटरनेटवर एक ठिकाण आहे, तिथे जुन्या कादंबऱ्या आख्ख्या वाचून ठेवलेल्या आहेत. ज्यांचे लेखक जाऊन जमाना झाला आणि ज्यांच्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, अशी पुस्तकं. जगभरची साधी माणसं आपापल्या घरी बसून हौसेने वाचतात आणि ठेवून देतात. ऐकायला एक पैसा पडत नाही.

ह्यांना सांगितलं तर फटीतून आवाज आला, "फुकट कोणी काचेचा तुकडासुद्धा देत नाही. काहीतरी गळ्यात मारतील."

"मारू देत," मी म्हटलं. "तुमचा गळा नाहीतरी खालीच आहे."

लेकीने फोनवर सगळं लावून दिलं. मी फोन आरशाशेजारी जमिनीवर ठेवला. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा, आणि मग एका म्हाताऱ्या माणसाने वाचायला सुरुवात केली. डोंगरातल्या एका खिंडीचं वर्णन होतं. बर्फ, धुकं, वारा, पुन्हा धुकं. ह्यांनी दोनदा विचारलं, की अजून धुकंच चाललंय का, एखादं माणूस येणार आहे की नाही. मी बंद करायला वाकले, तेवढ्यात गोष्टीत एक माणूस आला. मी हात मागे घेतला आणि तिथेच खुर्चीवर बसले. गॅसवरचं दूध उतू गेलं, ते करपल्याचा वास येईपर्यंत मला कळलं नाही. आणि ह्यांनी त्याबद्दल अक्षर काढलं नाही.

गोष्ट अशी होती. खिंडीच्या तोंडाशी एक सराई. तिच्या वरच्या खिडकीत रोज रात्री दिवा लावायचा, म्हणजे वाटसरू त्या उजेडावर दरी चुकवून येतील, असा तिथला नेम. एका वादळात तो दिवा विझला आणि डाक घेऊन येणारी माणसं दरीत गेली. त्यांच्यासोबत येणारा सराईचा मालकही गेला, मागे एक छोटी मुलगी ठेवून. मुलीला काकाने वाढवलं. काका अबोल, कुढ्या, कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवणारा. गावाला वाटायचं, सराई बळकवायला यानेच दिवा विझवला. मुलगी मोठी होते तसतसं तिलाही तेच वाटायला लागतं.

ह्यांना तर पहिल्या प्रकरणापासून खात्रीच होती. काका बोलायला लागला की फटीतून शिव्या यायच्या. पण मान जागची हलत नव्हती, कारण हलली की आवाज नीट येत नसे. मी आरशात बघायचे. भुवया वर, ओठ आवळलेले, आणि सगळा जीव कानात. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी एकच गोष्ट एका वेळी ऐकली, असं कधी झालंच नव्हतं. एक बोललं की दुसऱ्याने तोडायचं, हीच आमची रीत.

वाचणारे पुढे बदलत गेले. प्रत्येकाने चार-चार प्रकरणं वाटून घेतलेली. पहिला तो खोकलेबुवा. मग एक तरुण बाई आली, तिला कुठलीतरी गाडी पकडायची असल्यासारखी भरभर वाचायची, तिचं नाव ह्यांनी घाईबाई ठेवलं. मग एक गृहस्थ, ज्यांच्या मागे कुत्रं भुंकायचं. सुरुवातीला ह्यांना हे पसंत नव्हतं, म्हणाले, एका खिडकीला चार जणांनी काच बसवायची म्हणजे काय. पण दोन दिवसांत ती माणसं घरचीच झाली. खोकलेबुवांचा खोकला वाढला की हे म्हणायचे, कुणीतरी त्यांना कोमट पाणी द्या रे. कुणाला कसली मिळकत नाही, आपण कोण हे त्यांना ठाऊक नाही, तरी आपल्यासाठी घसा बसेपर्यंत वाचतायत, ह्याचंच ह्यांना राहून राहून नवल वाटत होतं. आम्ही एकच नियम केला, की एकट्याने पुढे ऐकायचं नाही. जे ऐकायचं ते दोघांनी.

असे दिवस जात होते. एका दुपारी मोक्याचा प्रसंग आला. मुलगी काकाला खिंडीतच गाठते आणि तोंडावर विचारते, दिवा कोणी विझवला? आणि नेमकी तिथेच मला झोप लागली. त्या दिवसांत मी रात्रीची धड झोपतच नव्हते, ह्यांनी कूस बदलली तर कोण बघणार? जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि फोन मुका होता. धावत आरशात बघितलं. ह्यांचं तोंड फटीत, डोळे मिटलेले, आणि नाकाच्या शेंड्यावरून पाणी आरशावर ठिबकत होतं. मी विचारलं, उठलात तर नाही ना? नाही म्हणाले, तू झोप. आवाज जड होता. मी म्हटलं, डोळ्यातलं औषध गळतंय वाटतं, आणि आरसा पुसला. प्रकरण संपून फोन आपोआप थांबला असेल, असं समजून मी पुन्हा लावलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. गाडीत मागच्या सीटवर पालथं झोपवून नेलं. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, की बाकी पडदा बसलाय, पण एका बाजूची कड अजून धरलेली नाही. आणखी दोन-तीन दिवस हेच खरे कामाचे. आता मान वर झाली, दणका बसला, जिना चढ-उतर झाली, तर सगळी मेहनत पाण्यात. हे त्यांनी ह्यांना सांगितलं, मग मला सांगितलं, मग पुन्हा ह्यांना.

घरी येऊन औषध घालायला घेतलं तर बाटली हातातून निसटली आणि फरशीवर पडून फुटली. दर दोन तासांनी घालायचे ते थेंब. औषधाचं दुकान समोरच्याच फुटपाथवर होतं. मी म्हटलं, ही गेले आणि ही आले. ह्यांना आदल्या दिवशीचंच एक प्रकरण लावून दिलं, ते संपलं की थांबेल असं करून ठेवलं, आणि बजावलं, की पुढचं आपण मिळून ऐकू. खिंडीतलं काय झालं ते अजून मलाही कळायचंय. एरवी यावर वाद झाला असता. ते फक्त बरं म्हणाले. मला वाटलं, तपासणीने खचलेत. लाकडी दार उघडंच ठेवलं, बाहेरचं जाळीचं दार ओढून घेतलं आणि निघाले.

औषध मिळालं. परत येताना लिफ्टमध्ये शिरले. आमची लिफ्ट जुनी, दोन्ही जाळ्या हाताने ओढून लावायच्या. आमचा मजला आलाच होता, आणि खट्कन अंधार झाला. लिफ्ट एक हिसका देऊन थांबली. वीज गेली होती.

माझं डोकं आमच्या मजल्याच्या फरशीला लागेल एवढ्यावर मी अडकले होते. जाळीतून मला आमचं पायपुसणं दिसत होतं आणि दाराची खालची पट्टी. आतून घाईबाईचा आवाज येत होता. मी लिफ्टमधल्या घंटीचं बटण दाबलं, ती कधीची मेलेली. रखवालदाराला हाक मारली. दुपारची वेळ, तो जेवायला गेलेला. बाकीची घरं बंद, सगळे कामावर. शिकवणीच्या बाई त्या दिवशी कुठे बाहेर होत्या देव जाणे. माझ्याकडे फोन नव्हता, कारण फोन ह्यांच्या नाकाखाली वाचत होता.

मी फार ओरडले नाही. कारण ओरडले असते तर पहिलं कोण धावून आलं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. दाराशेजारी ह्यांची पहार असते. मागे एकदा अशीच लिफ्ट अडकली तेव्हा ह्यांनी तीच पहार घालून जाळी फाकवली आणि आतल्या माणसाला खांद्याला धरून वर ओढलं. अजून ते सगळ्यांना सांगतात. तेव्हा ह्यांना दिसत होतं. आता हा माणूस धुक्यातून चाचपडत येणार, पहार उचलणार, जोर लावणार, आणि ती न धरलेली कड सुटणार. नाहीतर जिन्यावरून गडगडत खाली जाणार. मी जाळी धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, घाईबाई, आज जरा हळू वाच गं.

पण ती कुठली हळू वाचते. प्रकरण संपलं आणि सगळं शांत झालं. मग आतून हाक आली, "अगं, आलीस का?"

आवाज जमिनीत बोलल्यासारखा होता, म्हणजे तोंड अजून फटीत होतं. मी गप्प राहिले. पुन्हा हाक आली, जरा मोठी. तिसऱ्या हाकेला टेबल करकरलं. आता बोलले नसते तर ते उठलेच असते.

"मी इथेच आहे," मी म्हटलं. "लिफ्टमध्ये. वीज गेलीय, येईल आत्ता. तुम्ही हलू नका."

"थांब, मी पहार आणतो."

हा आवाज स्वच्छ आला, मोकळा. डोकं वर आलं होतं. मी काय करू, काय सांगू, रागावू की विनवू, कशाचाच उपयोग होणार नव्हता. माझं ऐकून हा माणूस आजवर कधी थांबलाय? आणि अचानक मला कळलं, की माझं ऐकून थांबला नसेल, पण खोकलेबुवांचं ऐकून थांबलाय.

"खिंडीतलं पुढचं मी ऐकलंय," मी म्हटलं. धडधडीत खोटं. "काकाने काय उत्तर दिलं ते मला माहीत आहे. तुमचं तोंड फटीत गेलं तर सांगते. वर आलं की बंद. मला इथून आवाजावरून कळतं."

मी पायपुसण्याकडे बघत होते. आता तिथे पाय दिसतील, आता दिसतील. मग टेबल पुन्हा करकरलं आणि जमिनीतून आवाज आला, "सांग."

आता आली का पंचाईत. मला त्यातलं काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. मी घसा खाकरला, अगदी खोकलेबुवांसारखा, आणि सुरू केलं. आधी बर्फ आणला. मग धुकं आणलं, भरपूर, कारण धुक्याला वेळ लागतो. मुलीला कड्याच्या टोकाशी उभं केलं. काका एक पाऊल पुढे आला, मुलगी एक पाऊल मागे गेली. वारा सुटला. काकाने कंदील उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. वीज येत नव्हती. रखवालदाराचा पत्ता नव्हता. काकाच्या हातात अजून किती वेळा कंदील द्यायचा?

"मग काका काय म्हणाला?" फटीतून विचारलं गेलं.

काका कबूल झाला. होय, मीच विझवला दिवा. मी त्याला सगळं बोलायला लावलं, लोभ, मत्सर, भावाच्या पाठीत खुपसलेला सुरा, जे जे म्हणून सुचलं ते. लिफ्टमध्ये गुदमरायला होत होतं आणि मध्येच ती जरा खाली घसरल्यासारखी वाटली. माझा आवाज फुटला. पुढचं वाक्य येईना. मला वाटलं, संपलं सगळं, आता मी रडणार, आणि मी रडले की हे येणार.

"गोष्ट अर्धी सोडायची नसते," वरून आवाज आला. जमिनीतूनच, पण अगदी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसा. "मुलीने काय केलं? तिच्याकडे काठी होती ना बापाची?"

होती. मी विसरलेच होते. मुलीने काठी उगारली. मग काकाचा पाय घसरला. मग तिने हात पुढे करावा की नाही, ह्यावर मी एवढं बोलले की माझं मलाच ठाऊक नाही. मी अडखळले की हे काहीतरी विचारायचे. बर्फ किती होतं? कुत्रं सोबत होतं का? खाली सराईत कोण होतं? मी उत्तर द्यायचे आणि तेवढ्यावर पुढे चालायचे. शेवटी काकाला मी दरीत ढकलून दिला, आणि तो खाली पोचतो न पोचतो तोच जिन्यात चपलांचा आवाज आला. रखवालदार होता. तो वर गच्चीवरच्या खोलीत गेला, हाताने चाक फिरवलं, आणि लिफ्ट हळूहळू फरशीला लागली.

मी आत धावले. ते पालथेच होते. पण एक पाय टेबलावरून खाली आला होता, चप्पलही त्यात अडकवलेली, आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड अशी पकडली होती की बोटं पांढरीफटक पडली होती. चप्पल काढली, पाय उचलून वर ठेवला आणि बोटं एकेक करून सोडवली. मग औषध घातलं. त्या रात्री एकदा मोकळा येऊन गेलेला तो आवाज माझ्या कानातून जात नव्हता. तेवढ्या वर आलेल्या मानेने काय केलं असेल?

पुढच्या तपासणीपर्यंत आम्ही पुस्तक लावलंच नाही. त्यांनी मागितलं नाही आणि मी विषय काढला नाही. मी खोटं बोलले ते उघडं पडलं असतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर ऐकायला मनच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी मागच्यापेक्षाही जास्त वेळ घेतला. मी खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उकरत होते. मग त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "धरली कड. छान धरलीय." ह्यांनी मान खाली घालूनच विचारलं, की दुकानात कधी जाऊ. मला तिथेच रडू कोसळलं. बाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस दुपारचं पालथं झोपा, मग बघू.

घरी आलो. ते आपणहून टेबलावर चढले, तोंड फटीत घातलं आणि म्हणाले, "लाव आता, काय राहिलंय ते."

आता सुटका नव्हती. मी लावलं आणि जमिनीवरच बसले, आरशाच्या बाजूला. खोकलेबुवा परत आले होते. मुलगी काकाला विचारते, दिवा कोणी विझवला? आणि काका कबूल होत नाही. दरीत पडत नाही. बर्फातल्या दगडावर खाली बसतो आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघतो. त्या रात्री दिव्याशी राखण करायला कुणाला बसवलं होतं, ते तो सांगतो. तिलाच बसवलं होतं. एवढीशी होती ती. वाऱ्याने दिवा गेला तेव्हा ती खिडकीखाली गाढ झोपली होती. काकाने तिला उचलून अंथरुणात नेऊन ठेवलं, आणि सकाळी गाव जमलं तेव्हा सांगितलं, की राखणीला मी होतो. सगळा जन्म त्याने तो बोल स्वतःवर घेतला.

मी आरशाकडे बघितलं, ह्यांना काय वाटतंय ते बघायला. ह्यांचे ओठ हलत होते. खोकलेबुवा पान उलटत होते, वाक्य अजून यायचं होतं, आणि फटीतून हलक्या आवाजात ते आधीच आलं:

"तुला झोप लागली होती, पोरी. झोपलेल्यावर कसला दोष."

मग खोकलेबुवांनी तेच वाक्य वाचलं, शब्दाला शब्द.

मी फोन थांबवला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"त्या दुपारी फोन थांबलाच नाही. शेवटपर्यंत चालला. तू घोरत होतीस, उठवावंसं वाटलं नाही."

"मग लिफ्टमधून मी जे काय बरळत होते ते ऐकत कशाला बसलात?"

"मी पाय खाली टाकला होता. पण तुझा आवाज फार कापत होता गं. गोष्ट चालू होती तोवर तू धीर धरून होतीस. मी उठलो असतो तर तू गोष्ट सोडली असतीस आणि त्या पिंजऱ्यात घाबरून गेली असतीस." मग म्हणाले, "काकाला मात्र तू उगाच दरीत ढकललंस. भला माणूस होता."

आरशावर पाणी पडलं. ह्या खेपेला ते त्यांच्या नाकावरून आलेलं नव्हतं. मी पदराने पुसलं, गोष्ट पुन्हा मागे घेतली आणि खिंडीपासून लावली. जमिनीवरच आडवी झाले, डोकं आरशाजवळ टेकलं, म्हणजे दोघांची तोंडं त्यात मावली.

"आता नीट ऐक सगळं," ते म्हणाले. "आणि झोप आली तर झोप. मी जागा आहे."